तुम्ही विचारलंत म्हणून: रॉड ड्रेहर अजून का वाचतो

गणपतीत मंडळाच्या जेवणात, कुणाला विमानतळावर सोडायला जाताना गाडीत, घरी पाहुणे आले की चहाबरोबर, हा प्रश्न येतोच. "तुम्ही अजून त्या ड्रेहरला वाचता?" विचारणाऱ्याचा रोख मला कळतो. हंगेरीत बुडापेस्टला जाऊन राहिलेला, तिथल्या व्हिक्टर ओर्बान या राष्ट्रवादी नेत्याचं कौतुक करणारा, युरोपनं स्थलांतरितांना दारं बंद करावीत म्हणणारा हा अमेरिकन उजवा लेखक. आणि त्याचा वाचक कोण, तर वीस वर्षं टेक्सासमध्ये पोट भरणारा सातारकडचा माणूस. माझी मुलगी तर आडपडदाच ठेवत नाही. "बाबा, ह्याच्या जगात आपल्याला जागा आहे का?" असं तिनं जेवताना विचारलं होतं आणि मी आमटी वाढून घेत विषय बदलला होता.

आता एकदा नीट सांगतो.

२००४ साली आम्ही अर्व्हिंगला आलो तेव्हा 'डॅलस मॉर्निंग न्यूज' घरी यायचा. ड्रेहर त्या आधीच्या वर्षी तिथे रुजू झाला होता. लुइझियानातल्या सेंट फ्रान्सिसव्हिल नावाच्या, दोन हजारही वस्ती नसलेल्या गावचा मुलगा. आधी न्यू यॉर्क पोस्टमध्ये सिनेमाची परीक्षणं, मग नॅशनल रिव्ह्यू हे उजव्यांचं नियतकालिक, मग डॅलसमध्ये अग्रलेख आणि स्तंभ. मला त्याच्या राजकारणाशी देणंघेणं नव्हतं. मला धरून ठेवलं ते भाजीनं. नॅशनल रिव्ह्यूत असताना एकदा तो सेंद्रिय भाजी आणायला निघाला, तर तिथली सहकारी म्हणाली, शी, हे तर डाव्यांचं काम! त्यावर त्यानं लेख लिहिला, २००६ मध्ये त्याचं 'क्रंची कॉन्स' नावाचं पुस्तक झालं आणि त्याच नावाचा ब्लॉग सुरू झाला. धर्म मानणारा, घर-संसार मानणारा माणूस मॉलला आणि कारखान्यातल्या कोंबडीला नाही म्हणू शकतो, एवढंच त्याचं म्हणणं. मला ते वाचून अण्णा आठवले. त्यांनी शेवटपर्यंत शेणखताशिवाय रानात काही टाकलं नाही आणि घरातली एक रीत मोडू दिली नाही. हे डावं की उजवं, असा प्रश्न आमच्या घरात कधी कुणाला पडला नव्हता.

दुसरं कारण असं की हा माणूस चुकला की छापून सांगतो. ११ सप्टेंबरला ब्रुकलिन पुलावरून त्यानं मनोरा कोसळताना पाहिला, त्या संतापात इराक युद्धाची तळी उचलली, आणि २००७ पर्यंत रेडिओवर जाऊन आपण फसलो असं सांगितलं. कॅथलिक पाद्र्यांनी मुलांवर केलेल्या अत्याचारांवर लिहिता लिहिता ज्या चर्चमध्ये तो स्वतःहून गेला होता, त्यावरचाच त्याचा विश्वास उडाला. २००६ मध्ये तो ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन पंथात गेला. तेही त्यानं सगळ्यांसमोर, रडतखडत लिहिलं. वर्तमानपत्रात हे एवढं मावलं नसतं. तिथे स्तंभाला लांबी असते, वर संपादक असतो, आणि संपादक म्हणतो, हे उद्या बघू. ब्लॉगवर उद्या नसतो. दिवसाला चार-चार नोंदी, प्रत्येक हातभर. मी दुपारच्या डब्याबरोबर त्या वाचायचो.

मी हे मान्य करतो, की ज्या मोकळेपणानं तो मला मिळाला त्याच मोकळेपणानं तो बिघडला. नको तिथे घाई, ऐकीव गोष्टीवर भरवसा, प्रत्येक बातमीत प्रलय. एखादा कडक संपादक वर असता तर त्यातलं अर्धं छापून आलं नसतं. पण मग दुसरं अर्धंही आलं नसतं.

आता मूळ गोष्ट.

त्याची धाकटी बहीण रूथी गावातच राहिली. शाळेत शिक्षिका, नवरा अग्निशमन दलात, तीन मुली. आयुष्यात सिगारेट ओढली नाही आणि २०१० मध्ये फुप्फुसाचा कर्करोग निघाला. गावानं तिच्यासाठी गाण्याचा कार्यक्रम करून एका संध्याकाळीत चाळीस हजारांहून जास्त डॉलर उभे केले. सप्टेंबर २०११ मध्ये ती गेली. तिला अनवाणी चालायला आवडायचं, म्हणून नवऱ्याच्या दलातल्या माणसांनी बूट काढले आणि अनवाणी पायांनी तिची शवपेटी नेली.

ते मी ऑफिसात वाचलं. डबा तसाच बंद करून ठेवला. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा मी तिसऱ्या दिवशी, राख सावडायला पोचलो होतो. तिरडीला खांदा दाजींनी दिला, मडकं भाच्यानं धरलं. अनवाणी चालायचं होतं ते मी, आणि मी विमानात होतो.

ड्रेहर त्याच वर्षअखेर बायकामुलांना घेऊन गावी परतला. २०१२ मध्ये अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला, आणि २०१३ च्या जूनमध्ये मीही परतलो. बायको नाराज होती, मुलगी नऊ वर्षांची होती. मी सगळ्यांना सांगितलं, अण्णांसाठी जातोय. सांगताना छाती भरून यायची.

गावी गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी अण्णांच्या औषधांचा तक्ता केला. वेळा, गोळ्या, रक्तदाब, कूस बदलायच्या वेळा, सगळं रंगीत चौकटींत. साताऱ्याहून मोठा छापून आणला आणि पलंगासमोरच्या भिंतीवर लावला. तिथे खिळ्याला कालनिर्णय होतं, ते काढून स्वयंपाकघरात ठेवलं. माझी बहीण अक्का दारात उभी होती. काही बोलली नाही. पुढे दीड वर्ष काही बोलली नाही. मी हवेची गादी आणली, फिजिओथेरपीवाला लावला, रात्रीची बाई लावली. अक्का सकाळी यायची, अण्णांना पुसून काढायची, पेज भरवायची आणि तक्त्यात माझ्या चौकटींवर खूण करायची, कारण मी तसं सांगितलं होतं.

अण्णा २०१४ च्या नोव्हेंबरात गेले. या वेळी मी होतो. मडकं मी धरलं, अनवाणी मी चाललो. तेराव्याच्या रात्री पाहुणे गेल्यावर अक्का मोरीत पातेली घासत होती. मी म्हटलं, राहू दे गं, सकाळी बाई येईल. तिनं मागे न बघता म्हटलं, "तू अण्णांसाठी आला नव्हतास. तुला बरं वाटावं म्हणून आलास. तो कागद लावलास तेव्हाच कळलं मला."

मी चिडलो. काय काय सोडून आलो त्याची यादी म्हणून दाखवली. तिनं ऐकून घेतली, हात पुसले आणि ट्रंकेतून दोन गुंडाळ्या आणून माझ्यासमोर टाकल्या. बारा आणि तेरा सालची कालनिर्णयं. प्रत्येक तारखेच्या घरात पेन्सिलीनं बारीक अक्षरं. 'जे' म्हणजे जेवले, 'पो' म्हणजे पोट साफ झालं, 'बो' म्हणजे शब्द बोलले. एका वर्तुळातला 'रा' म्हणजे रात्रभर जागे, आणि म्हणजे तीही जागी. तेराच्या जूनमध्ये, मी आलो त्या आठवड्यात, अक्षरं थांबली होती. "हे काय आहे, असं एकदा तरी विचारलंस का?"

नव्हतं विचारलं.

२०१५ मध्ये आम्ही टेक्सासला परत आलो. त्याच वर्षी ड्रेहरनं लिहिलं, की गावानं त्याला घेतलं, घरानं घेतलं नाही. त्या ताणानं तो वर्षानुवर्षं आजारी होता आणि दान्ते हा जुना इटालियन कवी वाचून सावरला. मला त्याचा भयंकर राग आला. तुझ्या शब्दावर मी घर उचलून नेलं, आणि आता तू हे सांगतोस? मग मी कपाटातून त्याचं रूथीवरचं २०१३ चं पुस्तक काढलं. शेवटाकडे पॅरिसमधला प्रसंग आहे. थोरली भाची त्याला सांगते, की आईनं आम्हाला तुझ्याविषयी चांगलं कधी सांगितलंच नाही, माझ्या बहिणी तुझ्याशी जोडल्या जाणार नाहीत. हे सगळं मी निघण्यापूर्वीच छापलेलं होतं. मी वाचलं होतं आणि पुढचं पान उलटलं होतं. मला अनवाणी पाय तेवढे हवे होते.

म्हणून वाचतो. त्यानं मला फसवलं नाही, एवढं तरी मी त्याचं देणं लागतो. पुढे त्याचा संसार मोडला, २०२२ मध्ये घटस्फोटाची बातमी त्यानंच दिली. २०२३ मध्ये 'द अमेरिकन कॉन्झर्व्हेटिव्ह' या नियतकालिकातला त्याचा ब्लॉग बारा वर्षांनी बंद झाला. मुळांबद्दल इतकं लिहिणारा माणूस परक्या देशात भाड्याच्या घरात जाऊन राहिला, यावर लोक बोट ठेवतात. मला त्यात खोटेपणा दिसत नाही. घर ज्याला मिळालं तो घराबद्दल एवढं कशाला लिहील?

पण मुलीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. त्याच्या गावात तिला जागा आहे का? त्याचं स्थलांतरितांवरचं लिखाण मला लागतं. चिडून मी दोनदा त्याच्या लिखाणाची वर्गणी बंद केली आणि दोनदा परत भरली. आणखी एक गोष्ट मला आता जास्त टोचते. रूथीची बाजू आपल्याला तिच्या भावाकडूनच कळली, आणि ते पुस्तक आलं तेव्हा ती उत्तर द्यायला नव्हती. भावानं कितीही प्रेमानं लिहिलं तरी लेखणी भावाच्या हातात होती.

म्हणून हे लिहिण्यापूर्वी मी अक्काला फोन केला. सगळं वाचून दाखवलं, मोरीतलं बोलणंसुद्धा. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, गावाचं नाव घालू नकोस. नाही घातलं. आणि म्हणाली, 'बो' म्हणजे नुसते शब्द नाहीत, अण्णा ज्या दिवशी माझं नाव घ्यायचे त्याच दिवशी मी 'बो' लिहायचे, तेवढं नीट कर.