पाच आठवडे कशाला लागतात?

१९ सप्टेंबर २०१९, गुरुवार

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातून चालत लंडनच्या पार्लमेंट स्क्वेअरला जाऊन आले. सुप्रीम कोर्टासमोर झेंडे, फलक, घोषणा. पंतप्रधानांनी पाच आठवडे संसद बंद केली, ते कायदेशीर आहे का, याची आत सुनावणी. चौकात गांधीजींचा पुतळा आहे, तिथे पाच मिनिटं थांबले आणि परत फिरले. आत काय झालं ते मात्र संध्याकाळी पोळ्या लाटताना फोनवर ऐकलं.

सर जॉन मेजर यांच्या वतीनं लॉर्ड गार्नियर बोलायला उभे राहिले. मेजर हुजूर पक्षाचे, १९९० ते १९९७ पंतप्रधान होते. गार्नियर त्याच पक्षाचे माजी मंत्री. आणि दावा त्याच पक्षाच्या आजच्या पंतप्रधानाविरुद्ध, बोरिस जॉन्सन यांच्याविरुद्ध! ऐकता ऐकता एक पोळी करपली.

रात्री साताऱ्याला बाबांना फोन केला. सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे वडीलधाऱ्यानंच घरचं भांडण चावडीवर नेलं की गं."

मी सांगितलं, पाच आठवडे संसद बंद केलीय. नवं सत्र राणीच्या भाषणानं सुरू होतं, त्यात सरकारचा पुढचा कार्यक्रम असतो; तो तयार करायचा आहे म्हणे. ३१ ऑक्टोबरला युरोपीय संघातून बाहेर पडायचं आणि ऐन त्याच्या तोंडावर खासदार घरी. बाबांनी तीस वर्षं ग्रामसेवक म्हणून काढली. ते म्हणाले, "ग्रामसभा टाळणारे सरपंच मी पाहिलेत. 'सभा नको' असं ते कधी म्हणत नाहीत. म्हणतात, मी गावाचं काम करतोय, तुम्ही सभेत वेळ का घालवता?"

हे वाक्य दिवसभर ऐकलेल्या सगळ्या युक्तिवादांपेक्षा मनात जास्त रुतलंय. गेली तीन वर्षं इथे तेच चाललंय. २०१६ च्या सार्वमतात बाहेर पडण्याच्या बाजूनं ५२ विरुद्ध ४८ टक्के असा कौल लागला. तेव्हापासून जो कुणी 'कसं करणार?' असं विचारतो, तो जनतेच्या आड येणारा ठरतो. त्याच वर्षी एका दैनिकानं तीन न्यायाधीशांचे फोटो छापून वर 'जनतेचे शत्रू' असा मथळा दिला होता. या महिन्याच्या सुरुवातीला सरकारच्या विरोधात मत दिलं म्हणून हुजूर पक्षाच्या २१ खासदारांना संसदीय पक्षातून काढलं. त्यांत चर्चिल यांचे नातू आहेत. मेजर यांचे अर्थमंत्री केनेथ क्लार्कही आहेत. जनता म्हणजे मी, असं एकदा ठरलं की नातू काय आणि जुनेजाणते काय.

मेजर धुतल्या तांदळासारखे आहेत असं मी म्हणत नाही. मी १९९६ साली इथे आले. पुढच्या वर्षी निवडणुकीआधी त्यांनी संसद लवकर बंद केली आणि पैसे घेऊन प्रश्न विचारणाऱ्या खासदारांवरचा अहवाल मतदानाआधी बाहेर आला नाही. आज त्यांचे विरोधक तेच काढतात आणि तो आक्षेप खरा आहे. तरीही मला त्यांचं म्हणणं पटतं. २०१६ च्या जूनमध्ये ते टोनी ब्लेअर यांच्याबरोबर उत्तर आयर्लंडमध्ये डेरीला गेले होते. ज्यांनी १९९७ साली आपल्याला हरवलं, त्या मजूर पक्षाच्या नेत्याशेजारी उभं राहून ते सांगत होते की या सार्वमतात इथली शांतता पणाला लागेल. तिथल्या जुन्या हिंसाचारानंतरची ती शांततेची बोलणी मेजर यांनी सुरू केली आणि ब्लेअर यांनी पुरी केली. एवढ्या कष्टानं उभं केलेलं आपल्या डोळ्यांदेखत हलताना पाहून माणूस गप्प कसा बसेल?

२४ सप्टेंबर २०१९, मंगळवार

साडेदहाला ऑफिसात सगळे एकाच स्क्रीनभोवती. कोर्टाच्या अध्यक्ष लेडी हेल यांच्या काळ्या पोशाखावर खांद्यापाशी कोळ्याचा मोठा चमकता ब्रोच. अकरा न्यायाधीश, अकराही एकमतानं: संसद बंद करणं बेकायदा, म्हणजे ती बंद झालीच नाही.

घरी येऊन निकालपत्र काढलं आणि मेजर यांचं नाव शोधलं. मला वाटलं होतं, लोकशाही, परंपरा, असं काही मोठं त्यांच्या तोंडी असेल. तसं काही नाही. कोर्टानं त्यांच्या साक्षीतून घेतलंय ते अगदी रोजच्या कामातलं. राणीच्या भाषणाची तयारी करायला साधारण चार ते सहा दिवस पुरतात. कुठल्याही सरकारला पाच आठवडे लागलेले त्यांनी कधी पाहिले नाहीत. सरकारनं ते खोडून काढलं नाही. पाच आठवडेच का, याचं कारण कुणी शपथेवर सांगितलंही नाही.

किती साधी गोष्ट! पण ती तोच सांगू शकतो, जो त्या टेबलाशी बसून ते भाषण तयार करून गेलाय. बाहेरच्यानं सांगितलं असतं तर सरकारी वकील म्हणाले असते, तुम्हाला काय माहीत. माजी नेत्यांनी दुःख व्यक्त केलं, चिंता वाटते म्हणाले, असं आपण रोज वाचतो आणि पान उलटतो. इथे एकानं दिवस मोजून दिले. मला या माणसाबद्दल आज खरंच आदर वाटतोय.

बाबांना सांगितलं तर लगेच म्हणाले, "बरोबर आहे. सभेची नोटीस काढायला किती दिवस लागतात, ते जुन्या ग्रामसेवकालाच विचारावं."

१३ डिसेंबर २०१९, शुक्रवार

जॉन्सन ८० च्या बहुमतानं आले. पक्षातून काढलेल्यांपैकी तिघे अपक्ष उभे होते. त्यांना मत द्या असं मेजर यांनी जाहीर सांगितलं होतं. तिघेही पडले.

शेजारच्या आजोबांनी जॉन्सनना मत दिलं. आमच्या घरी आजारपण आलं की सूप करून आणणारा हा माणूस. सकाळी कचऱ्याचे डबे बाहेर काढताना भेटले. म्हणाले, "संपवा एकदाचं, एवढंच हवं होतं मला." थकलेले वाटले. मी वाद घातला नाही, पण निकालपत्रातलं ते पान त्यांना दाखवायचं मनात आहे. त्यांनाही सरळ हिशेब आवडतात. जन्मभर सुतारकाम केलंय.

बाबांना तेच पान मराठीत हवंय. पाच वाक्यं झालीत. 'संसद बंद केली' असं लिहिलं, खोडलं, 'सत्रसमाप्ती' लिहिलं, तेही खोडलं. कोर्ट म्हणतं ती समाप्ती झालीच नव्हती. आता परत पहिल्यापासून लिहिते.