'दिल्ली' क्रूझरची तीस वर्षे

नौदलाच्या इतिहासात रस असलेल्या कोणाहीपाशी जुन्या 'आयएनएस दिल्ली' या क्रूझर जातीच्या युद्धनौकेचा विषय काढला, की बोलणे हटकून 13 डिसेंबर 1939 या तारखेवर जाते. तेव्हा तिचे नाव 'अकिलीज' होते आणि दक्षिण अमेरिकेत रिव्हर प्लेटच्या मुखासमोर तिने 'एजॅक्स' व 'एक्झिटर' या ब्रिटिश क्रूझरच्या साथीने जर्मनीच्या 'ॲडमिरल ग्राफ श्पे' या युद्धनौकेला गाठले. जर्मन नौकेवर अकरा इंची सहा तोफा होत्या आणि अकिलीजवर सहा इंची आठ. तरीही ग्राफ श्पेला मॉन्टेव्हिडिओ बंदराचा आसरा घ्यावा लागला आणि चार दिवसांनी तिच्या कप्तानाने ती स्वतःच बुडवली. अकिलीजवरचे चार जण त्या सकाळी कामी आले. हा पराक्रम मोठा आहे, यात शंका नाही. मात्र ब्रिटन आणि न्यूझीलंड मिळून या नौकेची जेमतेम पंधरा वर्षे झाली आणि भारताच्या सेवेत ती तीस वर्षे राहिली, हे सांगायचे नेहमी राहून जाते, याची मला खंत वाटते.

बर्कनहेडच्या गोदीत 1932 साली तिचे जलावतरण झाले. सुमारे सात हजार टन वजन, ताशी 32 सागरी मैलांहून अधिक वेग आणि मधोमध एकच रुंद धुराडे, ही तिच्या वर्गातल्या नौकांची ओळख. जानेवारी 1943 मध्ये सॉलोमन बेटांजवळ जपानी बॉम्बने तिचा मागचा एक तोफ-बुरूज, म्हणजे दोन तोफांचा फिरता कोठा, निकामी केला, तो पुन्हा बसवला गेला नाही. त्यामुळे 5 जुलै 1948 रोजी ती आपल्या ताब्यात आली तेव्हा तिच्यावर सहाच मोठ्या तोफा उरल्या होत्या. फाळणीत नौदलाचीही वाटणी झालेली, हाती लहानसहान नौका, अशा वेळी ही क्रूझर मुंबईला आली आणि नौदलाची प्रमुख नौका झाली.

माझ्या मते तिचे खरे काम इथून सुरू झाले. तिच्यावरच्या आपल्या तुकडीचे पहिले उपप्रमुख अधिकारी होते रामदास कटारी, जे 1958 साली पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले. पंडित नेहरूंना 1950 मध्ये इंडोनेशियाला हिनेच नेले आणि 1953 साली राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणानिमित्त झालेल्या नौदल संचलनात भारताच्या वतीने हीच उभी राहिली.

वडोदऱ्यात दांडिया बाजारात वाढलेले माझे थोरले काका लोणावळ्याच्या 'शिवाजी' या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात शिकून तिच्यावर स्टोकर, म्हणजे बॉयलर सांभाळणारा खलाशी, म्हणून रुजू झाले. समुद्राशी ज्या घराचा कधी संबंध आला नाही, त्या घरातला हा मुलगा बॉयलरपुढे उभा राहून तेल आणि हवा यांचे प्रमाण राखायला शिकला. हवा कमी पडली तर धुराड्यातून काळा धूर निघतो, जास्त झाली तर पांढरा. आणि दोन्ही वेळा वरून बोलणी खावी लागतात, कारण युद्धात धुराची रेघ शत्रूला मैलांवरून दिसते. धुराडे स्वच्छ ठेवणे हाच आमच्या पाळीचा अभिमान, असे ते सांगत. नौदलाच्या अशा कितीतरी पिढ्या या नौकेवर घडल्या आणि शेवटच्या काळात तर ती उघडपणे प्रशिक्षणाचीच नौका होती.

डिसेंबर 1961 मध्ये दीवच्या मुक्तीसाठी तिला पाठवले गेले. 18 तारखेच्या पहाटे पोर्तुगीजांची गस्ती नौका 'वेगा' हिच्याशी तिची गाठ पडली. वेगा पुढे आपल्या विमानांच्या माऱ्यात बुडाली. दिल्लीने आपल्या सहा इंची तोफा दीवच्या किल्ल्यावर डागल्या. काका त्या वेळी खाली बॉयलर-रूममध्ये होते. त्यांनी दीव पाहिले नाही, फक्त तोफ सुटली की पायाखालचा पत्रा हादरायचा, एवढेच त्यांना आठवत असे. आज वडोदऱ्याची मंडळी सुट्टीत दीवला जातात, 1971 मध्ये बुडालेल्या 'खुकरी' या युद्धनौकेच्या स्मारकापुढे थांबतात, ते योग्यच आहे. किल्ल्याच्या तटावरून समुद्र पाहताना मुलांना 'दिल्ली'चीही गोष्ट सांगावी, असे मनापासून वाटते.

30 जून 1978 रोजी मुंबईत ती सेवामुक्त झाली आणि नंतर भंगारात गेली. अनेकजण विचारतात, गुजरातेतल्या अलंगच्या जहाजतोडणी किनाऱ्यावर का? अलंगचा उद्योग 1983 मधला, त्यामुळे तो प्रश्नच नाही. तिचा एक तोफ-बुरूज न्यूझीलंडला भेट दिला गेला आणि तो ऑकलंडजवळ डेव्हनपोर्टच्या नौदल तळावर आजही आहे. तो तिथे जाणे मला न्याय्य वाटते, कारण रिव्हर प्लेटच्या लढाईत तिच्यावर लढलेल्यांत निम्म्याहून अधिक त्या देशाचे होते. तीस वर्षे आपल्याकडे राहिलेली ही नौका संपूर्ण जपून ठेवता आली असती, तर किती बरे झाले असते! नाव मात्र नौदलाने सोडले नाही: 1997 साली माझगाव गोदीत बांधलेली विनाशिका 'दिल्ली' याच नावाने ताफ्यात आली.