चार सेकंदांतला माणूस

शॉट सगळा मिळून चार सेकंदांचा. खाकी कोट, अर्धी चड्डी, अनवाणी पाय, दंडाला पट्टी, हातात भाला. मागे खंदकातून बायका पाठीवर मातीच्या टोपल्या घेऊन वर चढतायत. हा माणूस कॅमेऱ्याकडे बघतो, किंचित हसतो आणि चालत चालत फ्रेमबाहेर जातो. वरून एका इंग्रज निवेदकाचा खणखणीत आवाज : राजनिष्ठ गावकरी दहशतवाद्यांपासून आपल्या गावाचं रक्षण कसं करतायत, वगैरे. 1950 च्या दशकातली, केनियातली न्यूजरील, म्हणजे थिएटरात दाखवायची बातमीफीत. आमच्याकडे होती ती नमुन्याची प्रत, त्यामुळे त्या माणसाच्या बरोबर छातीवरून लंडनच्या संग्रहाचा वॉटरमार्क आडवा गेलेला.

मी नैरोबीत एडिटर आहे. पुण्यात असताना जाहिराती कापायचे. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आले, सुरुवातीला संस्थांचे विहिरी-शाळा-मच्छरदाण्यांचे व्हिडिओ केले आणि हळूहळू डॉक्युमेंटरीत शिरले. इथे या कामात जीव आहे. डॉक्युबॉक्ससारखा निधी पूर्व आफ्रिकेतल्या दिग्दर्शकांच्या पाठीशी उभा राहतो. 2020 मध्ये ‘सॉफ्टी’ या केनियन डॉक्युमेंटरीला अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात बक्षीस मिळालं, तेही संकलनाचं, तेव्हा आम्ही एडिटर मंडळी बरेच दिवस कॉलर ताठ करून फिरत होतो. पण मी सांगतेय तो दिवस त्याआधीचा, 2019 च्या ऑगस्टमधला.

फिल्म होती मध्य केनियातल्या न्येरीकडच्या एका गावातल्या म्हाताऱ्या बायकांवर. दिग्दर्शिकेची आजी त्याच गावची. 20 ऑक्टोबर 1952 ला ब्रिटिशांनी केनियात आणीबाणी पुकारली. गोऱ्यांनी बळकावलेल्या जमिनींसाठी हत्यार उचललेले माऊ माऊ लढवय्ये आबर्डेअरच्या आणि माउंट केनियाच्या जंगलात गेलेले. त्यांना गावातून भाकरतुकडा मिळू नये म्हणून 1954 पासून दहा लाखांहून जास्त किकुयू, म्हणजे त्या भागातल्या मुख्य जमातीच्या, माणसांना घरांतून उठवून आठशेहून अधिक कुंपणबंद वस्त्यांत कोंबलं. जुनी घरं जाळली. पुरुष बरेचसे ब्रिटिशांच्या कैदी छावण्यांत नाहीतर जंगलात, म्हणजे खणायला उरल्या बायका आणि पोरं. जंगलाच्या कडेने मैलोन्‌मैल खंदक, त्याच्या तळाशी टोकदार बांबू. आणि पहाऱ्याला होमगार्ड. आपल्याकडे होमगार्ड म्हटलं की गणपतीच्या बंदोबस्ताला शिट्टी घेऊन उभा असलेला ओळखीचा पोरगा डोळ्यांपुढे येतो. इथे म्हाताऱ्या माणसांसमोर तो शब्द जरा सांभाळूनच उच्चारायचा. ते गोरे नव्हते. त्याच गावचे किकुयू होते, कुणाचे तरी काका, कुणाचे तरी दीर.

आमच्या दिग्दर्शिकेचा एक नियम आहे. जे कॅमेऱ्यासमोर बोलले, त्यांनी फिल्म लॉक होण्याआधी बघायची. रफ कट, म्हणजे कच्ची जोडणी, का असेना. निर्माते याला वेळखाऊ म्हणतात आणि ते खरंही आहे. म्हणून आम्ही प्रोजेक्टर, स्पीकर, माझा लॅपटॉप आणि दोन हार्ड डिस्क गाडीत घालून पहाटेच निघालो.

थिका रोडने गेलं की मकुटानोला उजवीकडे म्वेआचा फाटा लागतो. म्वेआचा पिशोरी तांदूळ म्हणजे नैरोबीतल्या आपल्या लोकांची जान. आमच्याकडे मसालेभात त्याचाच होतो, पोती भरून आणतो. त्या भातशेतीचे कालवे माऊ माऊ कैद्यांकडून सक्तीने खणून घेतलेत, हे मला या फिल्मचं काम करताना कळलं. मी नैरोबीत पहिल्यांदा उतरले त्या विमानतळाचंही मूळ बांधकाम तसंच, कैद्यांच्या हातचं. इतकी वर्षं इथे राहून कुणी बोललं नव्हतं. तसं म्हटलं तर इथल्या शाळेतही फारसं बोलत नसत; माऊ माऊवरची बंदी कागदोपत्री उठली ती 2003 मध्ये, स्वातंत्र्यानंतर चाळीस वर्षांनी.

चर्चचा हॉल मिळाला होता. पत्र्याचं छप्पर, लाकडी बाकं, खिडक्यांना आम्ही नेलेल्या चादरी. हॉलची किल्ली ज्यांच्याकडे होती ते गावातले निवृत्त शिक्षक, पासष्टीच्या आसपासचे. कोट, स्वेटर, टाय सगळं जागच्या जागी. मी त्यांना मनात मास्तर म्हणायला लागले. बाकं त्यांनीच लावली, चहाचे थर्मास आणि उकडलेली अरवीही त्यांच्याच घरून आलेली. अरवीला इथे न्दुमा म्हणतात आणि चहाबरोबर खातात. सुरुवातीला मला हा प्रकार विचित्र वाटायचा, आता हिवाळी दिवसांत हटकून आठवण येते. ऑगस्टात न्येरीला थंडी असते, धुकं असतं.

चहाच्या वेळी एका आजोबांनी मला विचारलं, तू कुठली? मी म्हटलं, इंडिया, मुंबईजवळची. ते म्हणाले, पिंटोच्या गावाजवळची का? पियो गामा पिंटो. जन्म नैरोबीतला, आईबाप गोव्याचे, शिक्षण भारतात, गोव्याच्या मुक्तीसाठी धडपडून पोर्तुगीजांच्या हाती लागायच्या आत केनियात परतलेला आणि इथे माऊ माऊंना मदत केली म्हणून 1954 मध्ये मांडा बेटावर डांबलेला. स्वातंत्र्यानंतर दीड वर्षही झालं नव्हतं तेव्हा, 1965 च्या फेब्रुवारीत, नैरोबीत त्याच्या घराच्या फाटकापाशी त्याला गोळ्या घातल्या. मी म्हटलं, हो, शेजारच्याच मुलखातली. आजोबांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला. त्या गावात माझी ओळख तेवढ्यावर भागली.

फिल्म सुरू झाली. पहिली वीसेक मिनिटं लोक आपलीच माणसं पडद्यावर बघून खिदळत होते. न्यूजरील लागली तेव्हा निवेदकाच्या इंग्रजीची कुणीतरी मागच्या बाकावरून नक्कल केली, त्यावर हशा पिकला. आणि मग पुढच्या ओळीतली एक शोशो, म्हणजे आजी, एकदम उभी राहिली आणि काहीतरी ओरडली. माझी स्वाहिली कामापुरती आहे, किकुयू शून्य. दिग्दर्शिका कानाशी म्हणाली, मागे घे.

मागे घेतलं. परत लावलं. थांबवलं. शोशो पडद्याजवळ गेली, प्रोजेक्टरचा उजेड तिच्या पाठीवर पडला. टोपली घेऊन चढणाऱ्या तिसऱ्या बाईवर तिने बोट ठेवलं. ती तिची थोरली बहीण होती. चेहरा धड दिसतही नव्हता. मी विचारलं, ओळखलं कसं? तिने डोक्यावरचा रुमाल वर सरकवला. कपाळाच्या वर, केसांच्या रेषेपाशी, या कानाकडून त्या कानाकडे जाणारी एक खोबण होती, बोट बसेल एवढी. इथल्या बायका ओझं पाठीवर घेऊन त्याचा चामडी पट्टा डोक्याला लावतात. लहानपणापासून वाहिलं की हाडावर वळ पडतो. बहिणीचा पट्टा नेहमी एका बाजूला कलायचा, डावीकडे, कारण तिचा तो खांदा पडलेला होता. पडद्यावरच्या बाईचा पट्टा डावीकडे कललेला होता. मी कित्येक आठवडे तो शॉट रोज बघत होते. मला पट्टा आहे हेसुद्धा दिसलं नव्हतं.

मग झुंबड उडाली. ही कोण, ती कोण, हा डोंगर कुठला. दिग्दर्शिका वहीत नावं उतरवून घेत होती. मी फ्रेम एकेक करून पुढे सरकवत होते आणि तसा तो माणूस फ्रेममध्ये आला. भालेवाला. कुणीतरी त्याचं नाव घेतलं. हॉलमधला आवाज पंखा बंद करावा तसा उतरत गेला, आणि बरीच डोकी मागे वळली. मागच्या भिंतीला टेकून, हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन मास्तर उभे होते. तो त्यांचा बाप होता.

मास्तर सावकाश पुढे आले आणि इंग्रजीत बोलले, बहुधा मला कळावं म्हणून. ही फिल्म यूट्यूबवर येणार. माझी नातवंडं शाळेत जातात. पोरांच्या हातात फोन आहेत. चेहरा झाकता येईल का?

येतो. चार सेकंदांच्या शॉटवर मास्क ट्रॅक करून धूसर करायला फार वेळ लागत नाही. दिग्दर्शिकेने माझ्याकडे बघितलं. माझं मत विचाराल तर जुन्या फिल्मवर असा हात फिरवणं मला आवडत नाही. दस्तऐवज आहे तो, त्यात नंतरच्या माणसांनी आपली सोय घुसवू नये. पण हे मी नैरोबीला परत जाणारी बाई म्हणून म्हणत होते. मास्तरांना दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने दुकानात जायचं होतं. म्हणून मी गप्प राहिले.

बोलली ती बहीणवाली शोशो. ‘तेव्हा ते गोणी घालून यायचे,’ ती म्हणाली. ‘आता तुम्हीच गोणी घालणार?’

हॉलमधल्या जुन्या लोकांना ते लगेच कळलं, मला दिग्दर्शिकेने समजावलं. त्या काळी पोलीस सगळ्या गावाला रांगेत बसवायचे. मग डोक्यावरून गोणी घातलेला एक माणूस यायचा, गोणीला डोळ्यांपुरती भोकं. गाकुनिया म्हणत त्याला. तो रांगेवरून चालत जायचा आणि ज्याच्यासमोर मान हलवायचा तो उचलला जायचा. गोणीत कोण आहे हे कुणालाच कळायचं नाही, म्हणून प्रत्येकाचा प्रत्येकावर संशय, अजूनही. शोशोचं म्हणणं असं, की या माणसाने निदान उघड्या तोंडाने भाला धरला. त्याला गोणीवाल्यांच्या रांगेत बसवू नका. ‘चेहरा राहू दे,’ ती म्हणाली आणि त्याच दमात पुढे, ‘आणि खालच्या अंगाचं शेतही सांग त्यांना.’

आता हॉलमध्ये खरा आवाज झाला. शेताचा विषय निघाला की इथे अजून डोकी भडकतात. आणीबाणीतच सरकारने विखुरलेले तुकडे एकत्र करून जमिनी नावावर लावून द्यायची योजना रेटली. ज्यांचे कर्ते पुरुष छावणीत होते त्यांच्या वतीने मोजणीला कोण उभं राहणार? होमगार्ड आणि मुखियांची घरं चांगल्या मातीची झाली, छावणीतून सुटून आलेल्याला खडकाळ उतार मिळाला. 2013 मध्ये ब्रिटिश सरकारने छळ झालेल्या 5,228 जणांसाठी सुमारे दोन कोटी पौंडांची तडजोड मान्य केली आणि संसदेत खेद व्यक्त केला. त्याची बातमी जगभर झाली. जमिनीचं त्यात काही नव्हतं. तो हिशेब शेजाऱ्या-शेजाऱ्यांत आहे, लंडनला पाठवता येत नाही.

मास्तर बराच वेळ उभेच होते. मग म्हणाले, सांगायचं तर सगळं सांगा. माझा धाकटा काका जंगलात होता. त्याच्यासाठी माझी आजी रात्री कुंपणाखालून मका सरकवायची आणि पहाऱ्यावर माझा बाप असायचा. तो काका परत आला नाही. बापाने कुणाकडे बघून मान वळवली आणि कुणाकडे बघून नाही वळवली, हे तो मरेपर्यंत घरात बोलला नाही. शेत खालच्या अंगाचं आहे, खरं आहे. माझी फी त्याच शेतातल्या कॉफीतून भरली.

आणि मग त्यांनी कोटाची बटणं लावली आणि विचारलं, हे रेकॉर्ड करणार आहात की नाही?

कॅमेरामन आमच्याबरोबर नव्हता. दिग्दर्शिकेने स्वतःचा छोटा कॅमेरा काढला, मी माइक लावला, खिडकीवरची चादर उतरवली आणि पावसाला सुरुवात झाली. पत्र्यावर पाऊस म्हणजे साउंडचा सत्यानाश. तासभर आम्ही सगळे हॉलमध्ये बसून राहिलो, मास्तर आणि शोशो एकाच बाकावर, ती त्यांना अरवी सोलून देत होती आणि अधूनमधून टाकून बोलतही होती. पाऊस थांबल्यावर मास्तरांनी मला बजावलं, माझ्या बोलण्याखाली बासरी वाजवायची नाही. टीव्हीवर बघतो मी, म्हातारा बोलायला लागला की लगेच बासरी सुरू करतात. मी कबूल केलं. सलग चाळीसेक मिनिटं बोलले. शेताबद्दलही.

नैरोबीत परतल्यावर खरी डोकेदुखी सुरू झाली. चॅनेलला हवी होती 52 मिनिटांची फिल्म, आणि ती आधीच काठोकाठ भरलेली. युरोपातून कॉलवर असलेल्या बाईंचं मत पडलं की मास्तरांमुळे प्रेक्षकांचा गोंधळ होईल, कोणाची बाजू घ्यायची ते कळणार नाही. दिग्दर्शिका म्हणाली, माझ्या गावाला साठ वर्षांत कळलेलं नाही, तुमच्या प्रेक्षकांना 52 मिनिटांत कशाला कळायला हवं? मी म्यूट होते म्हणून बरं, मोठ्याने हसले. शेवटी लंडनमधल्या एका प्राध्यापकांची पूर्ण मुलाखत काढली. विद्वान माणूस, मुद्देसूद बोलला होता, पण त्याचं म्हणणं दोन ओळींच्या पाटीत मावलं. मास्तर राहिले, बासरीशिवाय. चेहराही राहिला, उघडा.

न्यूजरीलचं बिल आलं ते पौंडांत. सेकंदावर भाव, वर किमान तीस सेकंद घेतलेच पाहिजेत अशी अट. म्हणजे चार वापरा की तीस, पैसे तेवढेच. मग आम्ही तीसच्या तीस वापरली, निवेदकाचा आवाज काढून टाकला आणि खंदकातून चढणाऱ्या बायकांची वहीत उतरवलेली नावं पडद्यावर लावली. हक्क मिळाले टीव्हीचे आणि महोत्सवांचे. गावातल्या हॉलसाठी वेगळे पैसे पडतील, असं त्या संग्रहाने कळवलं. ते बजेटमध्ये नव्हते.

मास्तरांचा फोन आला, हॉलसाठी पेन ड्राइव्हवर एक कॉपी पाठव. त्याचं पुढे काय झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. करारावर माझीही सही आहे.