लक्झेंबर्गचं वर्क परमिट: जन्मदाखल्यापासून मात्रिक्युलपर्यंत

लक्झेंबर्गची ऑफर आली की जो तो पगाराला रुपयांनी गुणत बसतो. मी आधी जन्मदाखला शोधायला सांगतो. अर्जाला पासपोर्टच्या पानापानाची प्रत, पदवी, सीव्ही, कंपनीचा करार आणि पोलीस क्लिअरन्स लागतं, तेवढं जमून जातं. अडतं ते दाखल्यापाशी. आपल्या जुन्या दाखल्यांत बाळाच्या नावाचा रकानाच कोरा असतो. मग नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव चढवा, नवा मराठी-इंग्रजी दाखला घ्या, त्यावर आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा यासाठीचं प्रमाणन. नुसता मराठी दाखला असेल तर शपथबद्ध अनुवादकाचं भाषांतर जोडावं लागतं, कारण तिथे फ्रेंच, जर्मन आणि इंग्रजीच चालतं.

अर्ज भारतात असतानाच करायचा. टूरिस्ट व्हिसावर जाऊन तिथून करू, हा बेत सोडा. मंजुरी मिळाली की 90 दिवसांच्या आत डी व्हिसा, म्हणजे दीर्घ मुक्कामाचा व्हिसा, घेऊन देशात दाखल व्हायचं. व्हिसासाठी गाठ दिल्लीतल्या दूतावासाशी.

उतरल्यापासून कामकाजाच्या 3 दिवसांत कम्यूनमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, आल्याची नोंद करायची. लक्झेंबर्ग शहरात हे काम बिअरगर-सेंटरमध्ये होतं. नोंदीला राहता पत्ता लागतो आणि खरी कोंडी इथेच आहे. घरमालक मागच्या 3 पगारपत्रकांची मागणी करतो, आणि आपला तर पहिला पगारही झालेला नसतो. मी धरलेली वाट अशी: सुरुवातीला फर्निश्ड खोली, पण पैसे भरण्याआधी मालकाला एकच प्रश्न, ‘या पत्त्यावर कम्यूनमध्ये नोंद करू द्याल ना?’ उत्तर लेखी घ्यायचं. पुढे स्वतःचं घर बघताना करार आणि कंपनीचं पत्र पुढे करायचं. 1 ऑगस्ट 2024 पासून डिपॉझिट जास्तीत जास्त 2 महिन्यांच्या भाड्याइतकंच घेता येतं आणि एजंटचं कमिशन मालक-भाडेकरू अर्धंअर्धं भरतात. कोणी जुन्या हिशोबाने 3 महिन्यांचं मागितलं तर तारीख दाखवा.

घरं महाग असली तरी देशाची श्रीमंती बघून धीर येतो, पण तो आकडा फसवा आहे. क्षेत्रफळ जेमतेम 2,586 चौरस किलोमीटर. नोकरदारांपैकी जवळजवळ निम्मे रोज फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून येतात आणि संध्याकाळी परत जातात. त्यांचं उत्पादन देशाच्या खात्यात जमा होतं, डोकी मात्र मोजली जात नाहीत. म्हणून दरडोई उत्पादनाचा (जीडीपीचा) आकडा एवढा फुगलेला दिसतो. तो बघून हरखू नका, भाडं बघा.

स्वस्त घरासाठी सीमेपलीकडे, फ्रान्समधल्या थिऑनव्हिलला राहायचा मोह होतो. युरोपीय नागरिकांना ते जमतं, आपल्याला नाही. लक्झेंबर्गचं परमिट फ्रान्समध्ये राहायचा हक्क देत नाही, तिथली परवानगी वेगळी काढावी लागते. त्यापेक्षा लक्झेंबर्गमधलीच एश किंवा एटेलब्रुक ही गावं बघा. 29 फेब्रुवारी 2020 पासून देशभर बस, ट्राम आणि ट्रेनचा दुसरा वर्ग फुकट आहे, त्यामुळे लांब राहिलं तरी खर्च वाढतो तो वेळेचाच. फक्त पहिल्या वर्गाच्या डब्यात चुकून बसू नका आणि सीमेपलीकडच्या टप्प्याचं तिकीट विसरू नका.

नोंद झाली की स्थानिक डॉक्टरकडे वैद्यकीय तपासणी आणि वेगळी क्षयरोगाची तपासणी. अपॉइंटमेंट लगेच मिळेलच असं नाही, म्हणून नोंदीच्याच दिवशी फोन करून टाकायचा. आल्यापासून 3 महिन्यांच्या आत या सगळ्याचे कागद आणि 80 युरो भरल्याची पावती लावून रेसिडन्स परमिटचा अर्ज.

मधल्या काळात मात्रिक्युल येतो, 13 आकडी ओळख क्रमांक. पहिले 8 आकडे म्हणजे जन्मतारीख, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. 14 मार्च 1991 असेल तर सुरुवात 19910314 हीच हवी. 5 जुलैचं 7 मे झालेलं नाही ना, हे पहिल्याच दिवशी ताडून बघा, कारण पगार, कर आणि दवाखाना सगळं याच आकड्यावर चालतं. डॉक्टरची फी सहसा आधी खिशातून भरायची आणि बिल सीएनएसला, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य विमा संस्थेला, पाठवायचं. साध्या तपासणीचे 88 टक्के परत मिळतात. पहिल्या बिलासोबत बँक खात्याचा कागद जोडायचा, नाहीतर पैसे जायचे कुठे?