लेहला कधी जावं? मे महिन्याचा हट्ट सोडता आला तर बघा

लेहचं बुकिंग आपल्याकडे शाळेच्या वेळापत्रकावरून ठरतं. वार्षिक परीक्षा आटोपली की मे, नाहीतर दिवाळीची सुट्टी. आणि नेमक्या या दोन्ही वेळा लेहच्या हंगामाच्या टोकांना येतात. मेमध्ये दुकान अजून उघडतंय, दिवाळीत शटर खाली येतंय. ज्यांच्या घरात शाळेत जाणारं कोणी नाही, त्यांनी पुढचं सगळं वाचलं नाही तरी चालेल: सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे घ्या. बाकीच्यांसाठी जरा सविस्तर.

लेहची उंची साधारण ३,५०० मीटर, म्हणजे साडेअकरा हजार फूट. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासातून मिळणारा ऑक्सिजनही तेवढाच. बरेच ड्रायव्हर सांगतात की थंडीत झाडांची पानं गळतात म्हणून ऑक्सिजन कमी होतो. कारण ते नव्हे. थंडीत त्याच उंचीवर हवेचा दाब आणखी थोडा उतरतो, एवढंच. झाडांचा त्याच्याशी संबंध नाही. विरळ हवा बाराही महिने आहे. महिन्यागणिक बदलतं ते वेगळंच: कोणता रस्ता उघडा आहे, खिंडीत बर्फ आहे की नाही, आणि तब्येत बिघडली तर खाली उतरता येईल की नाही. महिना ठरला की रस्ता ठरतो, आणि रस्ता ठरला की डोकं दुखणार की नाही ते बरंचसं ठरून जातं.

जमिनीवरून लेहला जायच्या मुख्य वाटा दोन. श्रीनगरहून सुमारे ४२० किलोमीटर, मनालीहून अटल बोगद्यामुळे आता साधारण तेवढंच. कागदावर सारख्या दिसणाऱ्या या वाटा शरीराला अजिबात सारख्या नाहीत. श्रीनगर १,६०० मीटरच्या आत. तिथून सोनमर्ग, मग ३,५२८ मीटरची झोजी ला (‘ला’ म्हणजे खिंड), द्रास, आणि मुक्कामाला कारगिल, जे २,७०० मीटरच्या आसपास आहे. दुसऱ्या दिवशी नमिका ला आणि ४,१०८ मीटरची फोटू ला ओलांडली की लामायुरू, आणि संध्याकाळी लेह. म्हणजे चढायचं, पण झोपायचं खाली. शरीराला हेच हवं असतं.

मनालीच्या वाटेवर याच्या उलट होतं. बारालाचा ला जवळजवळ ४,९०० मीटर, लाचुंग ला पाच हजारांवर, तांगलांग ला ५,३२८. आणि मधला लोकप्रिय मुक्काम सरचूचा, ४,२९० मीटरवर. आदल्या दिवशी मनालीत दोन हजार मीटरवर झोपलेला माणूस दुसऱ्या रात्री सरचूच्या तंबूत झोपतो आणि मध्यरात्री डोकं धरून उठून बसतो. खरी अडचण पुढे आहे. मनालीकडे परतायचं तर बारालाचा चढावी लागते, लेहकडे जायचं तर गाटा लूप्सची एकवीस वळणं आणि त्यानंतर लाचुंग ला. दोन्ही बाजूंना आधी चढण, मग उतार. म्हणून मनालीहून जायचंच असेल तर पहिला मुक्काम केलाँगला किंवा जिस्पाला करा, जमलं तर दोन रात्री, आणि मग पहाटे निघून सरचूला न थांबता लेह गाठा. चौदा-पंधरा तासांचा दिवस होतो. कंबर दुखते, पण रात्र वाईट जात नाही. याहून सोपा मार्ग म्हणजे जाताना श्रीनगर, येताना मनाली.

आता मे. झोजी ला अलीकडे मार्च-एप्रिलमध्येच उघडू लागली आहे, त्यामुळे श्रीनगरची वाट मेमध्ये बहुतेक वेळा मिळते, कधीकधी एकेरी वाहतुकीने. एक दिवस इकडून गाड्या, एक दिवस तिकडून, असा प्रकार असेल तर आपला दिवस कोणता ते निघण्याआधी विचारून घ्यावं लागतं. मनालीची वाट मेमध्ये कधीतरी उघडते, तारीख कोणी छातीठोक सांगू शकत नाही. उघडली तरी बारालाचावर बर्फाच्या भिंतींमधून जाणारी अरुंद वाट असते आणि दुपारी वितळलेल्या पाण्याचा चिखल. फोटो झकास येतात. गाडी अडकली तर चार तास जातात.

मेमध्ये लेहचं कमाल तापमान सरासरी १७ अंशांच्या आसपास आणि किमान तीनेक अंश. उन्हात टी-शर्ट, सावलीत जॅकेट. पांगोंग सरोवराकाठी रात्री पारा शून्याच्या आसपास. सरोवरावरचा बर्फ तोवर गेलेला असतो, पण जो हिरवा लडाख लोकांच्या डोळ्यांसमोर असतो तो अजून उगवलेला नसतो. पेरण्या नुकत्याच होत असतात, पॉप्लरना पालवी फुटत असते. लेहहून नुब्रा खोऱ्याकडे जाणारी खार्दुंग ला आणि पांगोंगकडे जाणारी चांग ला, या दोन्ही खिंडींत ताजा बर्फ पडून रस्ता अर्धा-एक दिवस बंद राहणं मेमध्ये नेहमीचंच. त्यात विमानाची तिकिटं वर्षातली सर्वांत महाग, कारण सगळा महाराष्ट्र आणि गुजरात त्याच तीन आठवड्यांत निघालेला असतो.

मेच जमणार असेल तर शेवटचे दहा दिवस घ्या. आणि पांगोंगच्या काठावर मुक्काम टाळा, निदान घरातली वडीलधारी माणसं सोबत असतील तेव्हा. पांगोंग ४,२०० मीटरच्या वर आहे आणि लेहला परतायचं तर ५,३०० मीटरहून उंच चांग ला चढूनच यावं लागतं, म्हणजे सरचूचंच कोडं. मेमध्ये रात्रीतून चांग ला बंद झाली आणि तंबूत कोणाला धाप लागली, तर खाली न्यायचं कुठून? त्यापेक्षा थोडं खाली असलेल्या तांगत्से गावात राहा आणि सकाळी सरोवर बघून या. वाऱ्याआधीचं निळं पाणी तसंही सकाळीच बघण्यासारखं असतं.

जूनमध्ये बहुतेक सगळं उघडं असतं आणि गर्दीही तितकीच असते. खार्दुंग लावर दुपारी गाड्यांची रांग लागते, म्हणून लेहहून सकाळी सहा-साडेसहाला निघा आणि माथ्यावर पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळू नका. तिथल्या जुन्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असायचं. खरी उंची १७,५८२ फूट, म्हणजे ५,३५९ मीटर. फुफ्फुसांना दोन्ही आकडे सारखेच. हेमिसच्या गोंपातला, म्हणजे बौद्ध मठातला, मुखवट्यांच्या नाचांचा उत्सव तिबेटी पंचांगाप्रमाणे जून-जुलैत येतो. तो बघायचा असेल तर आधी तारीख शोधा, मग तिकीट काढा.

जुलै-ऑगस्टबद्दल आपल्याकडे एक ठाम समज आहे: लडाख पर्जन्यछायेत, तेव्हा पावसाळ्यात जायला उत्तम. अर्ध खरं आहे. लेहचा वर्षभराचा पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर, मुंबईत एका दुपारी पडतो तेवढा. पण लेहला पोचायच्या वाटा पर्जन्यछायेत नाहीत. मनालीच्या अलीकडचा सगळा हिमाचल आणि झोजी लाच्या अलीकडचं काश्मीर या दिवसांत दरडींनी हैराण असतं. शिवाय जिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही तिथे डोंगरांवर झाडोरा नसतो, मातीची घरं सपाट छपरांची असतात, आणि थोडासाही जोराचा पाऊस झाला की सगळा उतार चिखल होऊन खाली येतो. ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेहमध्ये हेच झालं. दोनशेहून अधिक माणसं गेली.

रोजची अडचण मात्र पावसाची नसून उन्हाची आहे. वरची हिमनदी सकाळी गोठलेली असते. ऊन चढलं की वितळू लागते, आणि ते पाणी खालच्या रस्त्यावर पोचायला काही तास लागतात. म्हणून सकाळी आठला ज्या नाल्यात घोट्याएवढं पाणी असतं, त्याच नाल्यात दुपारी तीनला गुडघाभर पाणी आणि त्यात गडगडत येणारे गोटे असतात. पांगोंगच्या वाटेवरचा पागल नाला याच कारणाने बदनाम आहे. मनालीच्या वाटेवर झिंगझिंग बारच्या आसपासही हाच खेळ. बुलेटवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं: पाण्याखालचा गोटा दिसत नाही, पुढचं चाक त्यावरून सटकतं, आणि सायलेन्सरमधून पाणी शिरलं की गाडी मधोमध बंद. नाले दुपारी बाराच्या आत ओलांडायचे, हा जुलै-ऑगस्टचा एकच नियम. नुब्राहून श्योक नदीच्या काठाने थेट पांगोंगला जाणारा रस्ताही याच दिवसांत तुटतो, तेव्हा तो धरण्याआधी नुब्रातल्या हुंदर किंवा दिस्कित गावात चौकशी करा.

विमानाने जाणाऱ्यांनाही जुलैचा एक फटका आहे. लेहचा विमानतळ सव्वातीन हजार मीटरवर. तिथली हवा आधीच विरळ, ती तापली की आणखी विरळ होते आणि विमानाला उचल कमी मिळते. २०२४ च्या जुलैअखेर पारा इतका चढला की काही उड्डाणं रद्द करावी लागली. दुपारी वारेही सुटतात, म्हणून लेहची बहुतेक विमानं सकाळचीच असतात. परतीच्या दिवशी दिल्लीहून पुढचं विमान दुपारचं घेऊ नका, रात्रीचं किंवा दुसऱ्या दिवशीचं घ्या. हे बाराही महिने लागू, थंडीत तर जास्तच.

सप्टेंबरच का, तर वरच्या सगळ्या कटकटी एकदम सुटतात म्हणून. खिंडी कोरड्या, दोन्ही रस्ते उघडे, वितळणारं बर्फ कमी झाल्याने नाले उतरलेले. कमाल तापमान वीस-एकवीस अंश, किमान पाच-सहा. हवा इतकी स्वच्छ की दूरचा डोंगर जवळ आल्यासारखा वाटतो. निम्मूचा संगम बघायचा तर हाच महिना. जुलैत झंस्कारचं पाणी गढूळ राखाडी असतं, सप्टेंबर सरता सरता ते निवळून हिरवट निळं होतं आणि सिंधूशी मिळताना दोन रंग वेगळे दिसतात. सातूची कापणी चालू असते, नुब्रात सी-बकथॉर्नच्या काटेरी झुडपांना नारिंगी फळं लगडलेली असतात. हानले गावात ताऱ्यांसाठी जायचं असेल तर अमावास्येच्या आगेमागे जा. पौर्णिमेला तिथे जाऊन आकाशगंगा शोधणारे लोकही असतात.

आपल्याकडे या महिन्यात गणपती असतात आणि मागोमाग पितृपक्ष. पितृपक्षात प्रवास नको म्हणणारे बरेच, त्यामुळे त्या पंधरवड्यात आपल्या भागातल्या सहलींना गर्दी कमी असते. ज्यांना चालतं त्यांनी खुशाल फायदा घ्यावा. दहा दिवसांच्या गणपतीनंतर निघालात तर काही वर्षी ऑक्टोबर उजाडतो, तेव्हा पंचांग बघूनच आखणी करा.

ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा छायाचित्रकारांचा: पॉप्लर आणि विलो पिवळेजर्द. रात्री पारा शून्याखाली जाऊ लागतो आणि पांगोंगकडचे तंबू गुंडाळले जातात. महिनाअखेरीस लेहमधलीही अनेक हॉटेलं बंद होतात, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी ‘खोली आहे का’ एवढं विचारून भागत नाही. ‘खोलीत हीटिंग आहे का, नळाला पाणी आहे का’ हे विचारायचं. पाइप गोठले की आंघोळीला बादलीतून गरम पाणी मिळतं, तेही ठरावीक वेळी.

जानेवारी-फेब्रुवारीत लेहला हौसेने जाऊ नये, कामासाठी जावं: गोठलेल्या झंस्कार नदीवरून चालायचा चादर ट्रेक, किंवा उले-रुंबाक गावांकडे हिमबिबट्या बघायला. उणे चौदा ही लेहची जानेवारीतली सरासरी रात्र. मोबाइलची बॅटरी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली नाही तर तासाभरात मान टाकते. एप्रिल मात्र दुर्लक्षित राहिलेला आहे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत शाम खोऱ्यात आणि तुर्तुककडे जर्दाळू फुलतो, गर्दी नसते, आणि ही गावं लेहपेक्षा खाली आहेत. विमानाने जाऊन आठवडाभर फक्त हेच बघून यावं, पांगोंगचा मोह धरू नये.

महिना कोणताही असो, विमानाने गेलात तर पहिले ४८ तास लेहच्या वर जायचं नाही. पहिल्या दिवशी तर बाजारातही नको. वडीलधारे सोबत असतील तर एक चांगली युक्ती: विमानतळावरून लेहमध्ये न थांबता सरळ आल्चीकडे जा, सत्तरेक किलोमीटर. आल्ची ३,१०० मीटरच्या आसपास आहे. तिथे दोन रात्री काढून मग लेहला या. त्यापुढचा क्रम नुब्रा आधी, पांगोंग नंतर, कारण हुंदरही लेहपेक्षा खाली आहे. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. साधारणपणे १२५ मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून दोनदा, निघायच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. बोटांना मुंग्या येणं आणि सारखं लघवीला लागणं हे त्या गोळीचे नेहमीचे परिणाम, त्याने घाबरायचं कारण नाही. कापराची पुडी आपल्याकडून जाणाऱ्या निम्म्या बॅगांमध्ये असते. वासाने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. बसल्या जागी धाप लागणं, किंवा सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकून चालता न येणं, ही दोन लक्षणं दिसली की कापूर, गोळी, आराम सगळं बाजूला ठेवून ताबडतोब खाली उतरायचं किंवा लेहचं सोनम नोरबू स्मारक रुग्णालय गाठायचं.

तिकिटं काढण्याआधी आणखी दोन गोष्टी. बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, कुटुंबात एक तरी पोस्टपेड हवं. आणि मनालीहून किंवा श्रीनगरहून भाड्याने आणलेल्या गाडीने लेहच्या पुढे नुब्रा-पांगोंग फिरू देत नाहीत. तिथे स्थानिक टॅक्सी किंवा स्थानिक भाड्याची बुलेटच घ्यावी लागते. तो खर्च आधीच धरा, नाहीतर मेच्या गर्दीत लेहच्या टॅक्सी स्टँडवर उभं राहून घासाघीस करावी लागेल, आणि तिथले दर युनियनने ठरवलेले असतात.