नळ स्टॉपची हवा मोजताना

बाबांचं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान कर्वे रस्त्यावर आहे, नळ स्टॉपच्या चौकापासून हाकेच्या अंतरावर. खाली गाड्या, त्यांच्या डोक्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो. बाबा दिवसाचे बारा तास तिथे बसतात. एमएस्सीच्या प्रबंधासाठी विषय निवडायची वेळ आली तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही. ते जी हवा घेतात ती मला मोजायची होती.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी आधी एकच विचारलं, "शहराची हवा मोजायची आहे की रस्त्याची?" मला तोवर यात फरक असतो हेच माहीत नव्हतं. सरकारी केंद्रांमध्ये हवा ओढणारं तोंड जमिनीपासून ३ ते १० मीटर उंचीवर ठेवायचा नियम आहे. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचा ‘सफर’ प्रकल्प २०१३ पासून पुण्याच्या हवेचे आकडे देऊ लागला, ते शहर समजण्यासाठी फार मोलाचे आहेत. पण सिग्नलला दुचाकीवर थांबलेला माणूस जिथे श्वास घेतो, तिथला आकडा वेगळा मिळवावा लागतो.

मी २०२२ ची दिवाळी जाऊ दिली आणि त्रिपुरी पौर्णिमा उलटेपर्यंत थांबले. फटाक्यांत बेरियम असतं, गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्येही असतं. पुढेमागे फिल्टरांची रासायनिक तपासणी करायची झाली तर दोन्हींची सरमिसळ नको होती. मग सोसायटीची परवानगी काढली, दुकानाच्या कट्ट्यावर लोखंडी जाळीचा पिंजरा बसवून घेतला आणि त्यात विभागाचा पंप ठेवला. त्याचं तोंड माणसाच्या डोक्याच्या उंचीवर आलं.

पंपाचं काम ऐकायला सोपं आहे. तो मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढतो, म्हणजे तासाला एक घनमीटर. मोठे कण वाटेतच अडवले जातात, २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण पुढे जाऊन टेफ्लॉनच्या पांढऱ्या चकतीवर बसतात. २४ तासांनी चकती काढायची, वजन करायचं, आधीचं वजन वजा करायचं, २४ ने भागायचं. आपल्याकडे या बारीक कणांची, म्हणजे पीएम २.५ ची, दिवसाची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. हवा बरोबर मर्यादेवर असेल तर दिवसभरात चकतीवर १.४४ मिलिग्रॅम जमतं, साखरेच्या एखाद-दुसऱ्या दाण्याएवढं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली १५ ची मर्यादा धरली तर तो दाणाही पुरा भरत नाही.

आणि एवढंसं वजन करण्यातच माझा पहिला महिना गेला.

चकती वजनाआधी २४ तास ठरावीक तापमानाच्या आणि ठरावीक दमटपणाच्या खोलीत ठेवावी लागते, नाहीतर तिच्यावरचं पाणीच वजनात येतं. तराजू ग्रॅमचा दहा लाखावा भाग दाखवतो. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत टेफ्लॉनवर स्थिर वीज साठते. मग चकती तराजूच्या ताटलीकडे खेचली जाते आणि आकडा ठरतच नाही, नुसता वरखाली होत राहतो. त्यासाठी प्रत्येक चकती स्थिर वीज घालवणाऱ्या आयनायझरसमोर धरायची, मग ठेवायची, आणि असं तीनदा. शिवाय कोरी साक्षीदार चकती असते. ती दुकानात न्यायची, पंपात बसवायची, हवा न ओढता परत काढायची आणि तोलायची. तिचं वजन वाढलं असेल तर ती वाढ हवेमुळे झालेली नाही, आपल्या हातामुळे झालेली आहे. माझ्या पहिल्या साक्षीदार चकतीचं वजन वाढलेलं निघालं. चिमट्याची टोकं मी नीट पुसत नव्हते आणि रहदारीत उभी राहून डबी उघडत होते. त्या सुरुवातीच्या नऊ चकत्यांचे आकडे वहीतून खोडले तेव्हा मला रडू आलं. मॅडम म्हणाल्या, "खोडलेस म्हणून पुढच्यांवर विश्वास ठेवता येईल." डिसेंबरपासूनच्या चकत्या मी दुकानाच्या पोटमाळ्यावर, पंखा बंद करून, धुतलेल्या चिमट्याने बदलल्या.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की चोवीस तास पुरे होत नसत. तसा दिवस बाद.

चकती दिवसाचा एकच आकडा देते. सकाळी आठला काय होतं आणि दुपारी तीनला काय, हे तिला सांगता येत नाही. म्हणून शेजारी तळहाताएवढा लेझर सेन्सर लावला. हे सेन्सर काही हजारांत मिळतात, दर मिनिटाला आकडा देतात, आणि आता बऱ्याच घरांतही दिसतात. पण ते कण तोलत नाहीत. कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतात आणि त्यावरून वजनाचा अंदाज करतात. पहाटे धुकं पडलं की हवेतले कण पाणी पिऊन फुगतात, प्रकाश जास्त विखुरतात आणि सेन्सर आकडा चढवून सांगतो. चकतीचं वजन मात्र कोरड्या कणांचं असतं. दमटपणा मोजणारं यंत्र बाजूला ठेवून, चकतीच्या आकड्याशी ताळा घालून मी सेन्सरसाठी दुरुस्तीचं सूत्र बसवलं. ज्यांच्या घरी असा सेन्सर आहे त्यांना मी अगदी कळकळीने सांगेन, दमट सकाळी त्याच्या आकड्याने घाबरू नका, आणि कमी आकडा दिसला म्हणून लगेच निर्धास्तही होऊ नका.

निर्धास्त होऊ नका असं का म्हणते, ते मला बाबांमुळे कळलं. मी कॉलेजात असताना पंपाकडे त्यांचं लक्ष असायचं. त्यांनी आपणहून एक वही केली. ‘६.१५ झाडूवाल्या ताई.’ ‘रात्री ९.४० वॉचमनची शेकोटी, टायरचा वास.’ ‘१०.०५ पीएमटी दारात बंद पडली, काळा धूर.’ वही आणि सेन्सरचा आलेख शेजारी ठेवून बसले तर शेकोटी आलेखात स्पष्ट दिसत होती. ती रहदारीच्या खात्यातून वगळता आली. पण रस्ता झाडतानाची धूळ, जी दुकानाच्या काचेवर बोटाने रेघ ओढता येईल इतकी बसते, ती जवळपास नव्हतीच. आणि बसच्या धुराच्या वेळी रेघ जेमतेम हलली होती.

"अगं, मला खोकला आला होता तेव्हा," बाबा म्हणाले. त्यांना वाटलं मी त्यांच्या नोंदीवर शंका घेते आहे.

नोंद बरोबर होती. झाडलोटीचे जाडे कण त्या सेन्सरच्या इवल्या पंख्याने आत नीट ओढलेच जात नाहीत. नळीतून ताजी निघालेली डिझेलची काजळी उलट इतकी बारीक असते, ०.३ मायक्रॉनच्याही खाली, की लेझरला ती दिसत नाही. म्हणजे रस्त्यावरची अगदी रस्त्याचीच अशी दोन प्रदूषणं माझ्या सेन्सरच्या दोन बाजूंनी निसटत होती. जे तो छान दाखवत होता त्यातला मोठा वाटा शहरभर पसरलेल्या, मुरलेल्या हवेचा होता.

जानेवारीत विभागातून काजळी मोजायचं छोटं यंत्र तीन आठवड्यांसाठी मिळालं. ते पांढऱ्या फिल्टरवर हवा ओढतं आणि त्यावरचा डाग किती गडद होत जातो ते अवरक्त प्रकाशाने मोजतं. पहिल्याच सकाळी बस थांबून निघाली आणि आकडा ताडकन वर गेला. मी आणि बाबा दोघं स्क्रीनकडे बघत उभे होतो. त्यांनी वहीत वेळ लिहिली आणि काही बोलले नाहीत.

मग मोबाईलवर रस्त्याचं चित्रण करून दुचाकी, रिक्षा, कार, टेम्पो, बस वेगवेगळ्या मोजायच्या. हे काम नुसतं चिकाटीचं आहे. बाबांनी विचारलं, ई-बस आल्या, २०२० पासून नव्या गाड्या बीएस-सहाच्या, म्हणजे धुराच्या कडक नियमांच्या, आहेत, मग हे सगळं कमी होणार ना? धूर कमी होईल, हे खरं आहे आणि ते मोठं काम आहे. पण ब्रेकची झीज, टायरची झीज आणि चाकांनी उडवलेली धूळ विजेच्या गाडीनेही होते. ती जाड्या कणांत जास्त असते, म्हणून पीएम १०, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतचे कण, वेगळं मोजत राहायला हवं.

शेवटच्या आठवड्यात मी सेन्सर आणि काजळीचं यंत्र, दोन्ही आलटून पालटून आमच्याच इमारतीच्या मागच्या गल्लीत नेली. पीएम २.५ मध्ये पुढे आणि मागे फारसा फरक पडला नाही. काजळीत पडला, आणि तो सर्वांत जास्त सकाळी साडेसहा ते साडेआठच्या दरम्यान. हिवाळ्यात त्या वेळी थंड हवा जमिनीलगत झाकण घातल्यासारखी अडून बसलेली असते आणि गाड्यांनी सोडलेलं वर जायला जागा नसते.

ती शाळेच्या व्हॅनची वेळ. आठ-दहा मुलं आमच्या पायरीवर व्हॅनची वाट बघत उभी असायची. त्यांची नाकं बसच्या नळीच्या बाबांपेक्षा कितीतरी जवळ. मी आलेख बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोन्ही रेघा नीट पाहिल्या, कुठली पुढची आणि कुठली मागची ते दोनदा विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते अर्धा तास आधी दुकानात गेले, व्हॅनवाल्या काकांशी आणि मुलांच्या आयांशी बोलले. मागच्या गल्लीत व्हॅन वळत नाही म्हणून काका आधी तयार नव्हते. शेवटी व्हॅन कोपऱ्यावर थांबेल आणि तिथपर्यंत बाबा मुलांना सोडतील असं ठरलं. आता मुलं गल्लीत आंब्याखाली उभी राहतात. प्रबंध जूनमध्ये दिला. बाबांची वही अजून चालू आहे, आणि तिच्यात रोज सकाळची पहिली नोंद व्हॅनच्या वेळेची असते.