स्पष्टीकरण देणारी माणसे: रोमोलो वाल्ली यांचा अभिनय

रोमोलो वाल्ली हे नाव आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. परंतु लुकिनो व्हिस्कोंती यांचा 'द लेपर्ड' किंवा 'डेथ इन व्हेनिस', सेर्जो लेओने यांचा 'डक, यू सकर', बेर्नार्दो बेर्तोलुच्ची यांचा '1900' यांपैकी एखादा चित्रपट ज्यांनी लक्ष देऊन पाहिला असेल, त्यांना या नटाचा चेहरा निश्चित आठवेल. उमरावाच्या घरचा पाद्री, हॉटेलचा व्यवस्थापक, क्रांतिकारकांना मिळालेला डॉक्टर, जमीनदार, एका तरुणाचे वडील अशा त्यांच्या भूमिका आहेत, आणि त्यांतील बहुतेक अवघ्या काही मिनिटांच्या आहेत. या सगळ्या माणसांमध्ये मला एक समान धागा दिसतो. ही सारी माणसे सतत कोणाला तरी काहीतरी समजावून सांगत असतात. आपल्या मालकाची, आपल्या वर्गाची किंवा स्वतःच्या भित्रेपणाची बाजू मांडत असतात. त्या शब्दांच्या मागे नेमके काय चालले आहे हे प्रेक्षकाला दिसू देणे, हे वाल्ली यांचे खरे कसब होते, असे मी मानतो.

हे आताच लिहिण्यास एक कारण आहे. पाऊस ओसरू लागला की रत्नागिरीत राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींची बोलणी सुरू होतात आणि भूमिकांचे वाटप झाले की दोन-चार चेहरे हमखास उतरतात. ज्याला दोनच प्रवेश मिळाले आहेत, तो तालमीला उशिरा येऊ लागतो. त्या मुलांना वाल्ली यांच्याविषयी सांगावे असे बरेच दिवस मनात होते.

वाल्ली यांचा जन्म 7 फेब्रुवारी 1925 रोजी उत्तर इटलीतील रेज्जो एमिलिया या गावी झाला. त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले, वर्तमानपत्रांत लेखनही केले आणि मग फान्ताझिओ पिक्कोली यांच्या फिरत्या नाटक मंडळीत ते दाखल झाले. तेथून मिलानच्या पिक्कोलो तेआत्रोमध्ये काही काळ काढल्यानंतर 1954 साली त्यांनी दिग्दर्शक जॉर्जो दे लुल्लो, अभिनेत्री रोसेल्ला फाल्क आणि इतर सहकाऱ्यांसह 'कोम्पान्यिया देई जोव्हानी' म्हणजे तरुणांची मंडळी उभारली. इटलीत तेव्हा एखाद्या नामवंत नटाभोवती एका हंगामापुरती मंडळी जमायची आणि हंगाम संपला की पांगायची. या तरुणांनी मात्र जवळपास दोन दशके एकत्र काम केले. आपल्या सिंधुदुर्गातील दशावतारी मंडळींचे खेळ ज्यांनी जत्रेत रात्रभर बसून पाहिले आहेत, त्यांना अशा सहवासाचे मोल वेगळे सांगायला नको. लिखित संहिता हाताशी नसतानाही राजा आणि राक्षस यांच्यातील वादाचा प्रवेश रंगतो, कारण समोरचा नट कोठे थांबणार आणि कोठे चढणार हे दोघांनाही वर्षानुवर्षांच्या सवयीने कळलेले असते. वाल्ली यांची मंडळी काटेकोरपणे लिखित नाटके करणारी होती, हा फरक मोठा आहे. परंतु नटांनी एकमेकांना इतके ओळखणे हा भाग तोच आहे.

या मंडळीचे नाव विशेषतः लुईजी पिरांदेल्लो यांच्या नाटकांशी जोडले गेले. 'सहा पात्रे नाटककाराच्या शोधात' हे त्यांचे नाटक 1921 मध्ये रोमच्या तेआत्रो व्हाल्ले येथे प्रथम झाले, तेव्हा प्रेक्षकांनी 'वेड्यांचे इस्पितळ!' असा ओरडा करून गोंधळ घातला होता. दे लुल्लो यांनी 1963 मध्ये तेच नाटक बसवले आणि त्यात वाल्ली यांनी बापाची भूमिका केली. हा बाप कोणीही न लिहिलेल्या नाटकातील एक पात्र आहे. तो तालमीच्या मधोमध रंगमंचावर येतो आणि आपल्या आयुष्यातील एका लाजिरवाण्या क्षणावरून आपले सबंध आयुष्य तोलले जाऊ नये म्हणून अखंड बोलत राहतो. त्याचे बोलणे बुद्धिमान आहे, मुद्देसूद आहे, आणि तो जितका बोलतो तितका अधिक अडकत जातो. वाल्ली यांच्या चित्रपटांतील भूमिकांचे बीज मला येथे दिसते. रंगमंचावर तासन्‌तास बोलणारा हा बाप ज्याने पचवला होता, त्याला पडद्यावर तीन वाक्यांत तोच माणूस उभा करणे शक्य झाले.

'द लेपर्ड' हाही 1963 चाच. कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळालेला. सिसिलीतील सालिना घराण्याच्या उमरावाची भूमिका अमेरिकन नट बर्ट लँकेस्टर यांनी केली आहे आणि त्यांच्या घरचा पाद्री, फादर पिर्रोने, म्हणजे वाल्ली. उमराव स्नान करून नुकताच टबातून उठला आहे, महत्त्वाचा निरोप घेऊन आलेला पाद्री संकोचाने नजर चुकवतो आहे आणि उमराव त्यालाच अंग पुसायला मदत करायला लावतो, हा प्रसंग सर्वांना आठवतो, कारण तो विनोदी आहे. मला मात्र प्रवासातील मुक्कामाचा प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. तेथे पिर्रोने साध्यासुध्या गावकऱ्यांपुढे बसून हे बडे लोक वेगळ्याच जगात कसे राहतात, आपल्याला ज्या गोष्टी प्राणाहून महत्त्वाच्या वाटतात त्या त्यांना कशा वाटत नाहीत, हे सांगत राहतो. तो स्वतः उमराव नाही, पण उमरावांच्या पंगतीत जेवून त्याला आता गावकऱ्यांतलाही म्हणता येत नाही. वाल्ली हे सगळे बोलतात ते थकलेल्या शिक्षकासारखे. त्यात आदर आहे, थोडी तक्रार आहे आणि आपण या घराचे मिंधे आहोत याची जाणीवही आहे.

'डेथ इन व्हेनिस' (1971) मधील व्यवस्थापकाबद्दल थोडक्यात सांगतो. शहरात पटकी पसरली आहे आणि पाहुणे निघून गेले तर हंगाम बुडेल, म्हणून हा मनुष्य अत्यंत नम्रपणे सत्य दडवतो. त्याच्या अदबीत कोठेही खोट दिसत नाही, आणि म्हणूनच तो अधिक भयंकर वाटतो.

त्याच वर्षीच्या 'डक, यू सकर'मधील डॉक्टर व्हियेगा ही माझ्या मते पडद्यावरील त्यांची सर्वश्रेष्ठ भूमिका आहे. मेक्सिकोच्या क्रांतीतील हा सुशिक्षित पुढारी पकडला जातो, त्याचा छळ होतो आणि तो फुटतो. पावसाची रात्र आहे. सैनिकांनी पकडलेले साथीदार गोळीबाराच्या पथकासमोर उभे केले आहेत. मोटारीत अधिकाऱ्याशेजारी बसलेला डॉक्टर, ठेचलेला चेहरा घेऊन, काचेवरचे पाणी पुसले जाते तेवढ्या वेळात समोरच्या माणसांकडे पाहतो आणि ओळख पटवतो. इटालियन चित्रपटांत त्या काळी चित्रीकरणाच्या वेळचा आवाज न वापरता तो नंतर भरण्याची पद्धत रूढ होती, आणि या प्रसंगात तर वाल्ली यांना बोलायचेही जवळपास काही नाही. रंगभूमीवर ज्याचे मुख्य शस्त्र शब्द होते, त्या नटाने येथे केवळ पापण्या आणि मानेच्या किंचित हालचालीने काम केले आहे. पुढे स्फोटके भरलेले रेल्वे इंजिन शत्रूच्या गाडीवर सोडताना त्याच्यासोबत जेम्स कोबर्न यांचा आयरिश क्रांतिकारक असतो, आणि त्याला सर्व काही ठाऊक असते. आता मात्र डॉक्टर बोलू लागतो. छळ सोसणे काय असते, आपण अजूनही चळवळीच्या कामाचे कसे आहोत, हे तो सांगू पाहतो. पिरांदेल्लो यांचा बाप येथे पुन्हा उभा राहतो. आयरिश माणूस वेळेत उडी टाकतो. डॉक्टर इंजिनावरच थांबतो.

'1900' (1976) हा आम्हा कोकणातल्या माणसांनी तर अवश्य पाहावा. तो एमिलिया प्रांतातला, म्हणजे वाल्ली यांच्या स्वतःच्याच मुलखातला आहे. जुन्या जमीनदाराची भूमिका पुन्हा लँकेस्टर यांची आणि त्याचा मुलगा जोव्हान्नी म्हणजे वाल्ली. वास्तविक दोघांच्या वयात अवघ्या अकरा वर्षांचे अंतर होते, पण पडद्यावर ते कोठेही खटकत नाही. वडील रांगडे, शेतकऱ्यांत मिसळणारे, मुलगा हिशेबी. गारपिटीने पीक गेल्यावर तो मजुरांना एकत्र करून शांतपणे पटवून देतो की निम्मे पीक गेले म्हणून मजुरीही निम्मीच मिळेल. त्यावर एक मजूर बोलत काही नाही. तो चाकूने आपला कान कापून त्याच्या हातावर ठेवतो. ज्या भूमीत खोत आणि कूळ यांचे संबंध पिढ्यान्‌पिढ्या खळ्यावरच्या मापावर ठरले, जेथे अलिबाग तालुक्यातील चरी गावच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून सहा वर्षे जमिनी न कसता संप टिकवला आणि जेथे 1949 च्या कायद्याने खोती संपुष्टात आली, तेथील प्रेक्षकाला जोव्हान्नीचा सूर ओळखू यावा. तो ओरडत नाही, धमकावत नाही. आपण न्यायाचेच बोलत आहोत अशी त्याची खात्री आहे. आमच्याकडच्या नाटकांत खोत रंगवताना मिशा, दरडावणे आणि काठी यांचाच आधार घेतला जातो, तेव्हा मला जोव्हान्नी आठवतो.

याच माणसाने व्हित्तोरिओ दे सिका यांच्या 'फिन्त्सी-कोन्तीनींची बाग' (1970) या चित्रपटात फेरारा येथील एका ज्यू तरुणाचे वडील उभे केले, आणि त्या भूमिकेसाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्याचे नास्त्रो द'अर्जेंतो हे इटलीतील मानाचे पारितोषिक मिळाले. 1938 चे वंशविषयक कायदे आले आहेत, एकेक हक्क हिरावला जात आहे आणि हे वडील मुलाला सांगत राहतात की परिस्थिती अजून इतकी वाईट नाही. मुलगा संतापतो. प्रेक्षकाला पुढचे माहीत असते. वाल्ली यांनी या वडिलांना मूर्ख होऊ दिलेले नाही. घर सावरून धरायचे तर कोणीतरी असे बोलत राहिले पाहिजे, या भावनेने तो मनुष्य बोलतो. रात्री उशिरा परतलेल्या, प्रेमभंगाने खचलेल्या मुलाशी ते बोलतात, तेव्हा प्रथमच त्यांच्या बोलण्यात कोणाचीही बाजू मांडणे नसते, आणि वाल्ली यांचा सगळा चेहरा बदललेला असतो. इतर भूमिकांनंतर हा प्रसंग पाहावा, म्हणजे फरक कळेल.

चित्रपटांत दुय्यम आणि रंगभूमीवर प्रमुख, अशी ही कारकीर्द होती. आपल्याला डॉ. श्रीराम लागू यांचे उदाहरण जवळचे आहे: रंगमंचावर 'नटसम्राट' पेलणारा नट हिंदी चित्रपटांत अनेकदा मोजक्या प्रसंगांपुरता येत असे. वाल्ली यांनी याशिवाय स्पोलेतो येथील महोत्सवाचे कलासंचालकपदही काही वर्षे सांभाळले. 1 फेब्रुवारी 1980 रोजी रोममध्ये मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला. पंचावन्न वर्षे पूर्ण व्हायला काही दिवस उरले होते आणि त्या काळात ते जुझेप्पे पात्रोनी ग्रिफी यांच्या 'प्रीमा देल सिलेन्त्सिओ' या नाटकाचे प्रयोग करत होते. रेज्जो एमिलियाच्या नगर नाट्यगृहाला आता त्यांचे नाव आहे.

यंदाच्या तालमी सुरू होण्यापूर्वी आमच्या मंडळातील मुलांना दोनच प्रसंग दाखवायचे मी ठरवले आहे: पावसातला डॉक्टर आणि गारपिटीनंतरचा जमीनदार. तिसरा, पिरांदेल्लो यांच्या बापाचा, दाखवता आला असता तर फार बरे झाले असते. मंडळीच्या काही नाटकांचे इटालियन दूरचित्रवाणीने त्या काळी मुद्रण केले होते. त्यांपैकी एखादे मराठी, हिंदी किंवा इंग्रजी उपशीर्षकांसह कोठे पाहायला मिळत असेल, तर वाचकांनी कृपया कळवावे.